आधी कळशी, मग काच

नमस्कार श्रोतेहो. हल्ली भिंतीवर काचेची फळी लावायची हौस घरोघरी दिसते. छोट्या क्लिपांवर बसवलेली, खालून आधार नसलेली. लावा, जरूर लावा. पण काचवाल्याकडे जाण्याआधी भिंत बघा. पुन्हा सांगते, आधी भिंत.

काच टफन्डच, म्हणजे मुद्दाम कणखर केलेलीच घ्या. फुटली तरी तिचे बारीक, बोथट दाणे होतात. मात्र एकदा टफन केलेली काच कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही, म्हणून माप पक्कं करूनच ऑर्डर द्या. ८ मिलिमीटर जाडीची, दोन फूट लांब आणि आठ इंच रुंद फळी नुसतीच अडीच किलोच्या आसपास भरते.

आता ठाण्याला ताईकडे काय झालं ते ऐका. इमारत जुनी, विटांची. फळी लावायला साठीचे एक सुतारकाका आले होते. त्यांनी भिंतीच्या भोकांत गिट्ट्या, म्हणजे स्क्रू धरून ठेवणाऱ्या छोट्या नळ्या ठोकल्या, क्लिपा आवळल्या. ताई काच घेऊन उभीच होती. काका म्हणाले, "ताई, काच राहू द्या. कळशी आणा."

त्यांनी क्लिपांत प्लायची पट्टी अडकवली, तिच्यावर अर्धी कळशी पाणी ठेवलं आणि म्हणाले, "उद्या येतो." भावोजी कुरकुरले. एका फळीसाठी दोन दिवस कशाला? श्रोतेहो, माझं स्पष्ट मत आहे, अशा माणसाला दोन्ही दिवसांची मजुरी द्यावी आणि घासाघीस करू नये.

सकाळी बघतात तर डाव्या क्लिपेखाली फरशीवर गिलाव्याची पूड, आणि वरचा स्क्रू भिंतीपासून काडीभर सुटलेला! काकांनी गिट्टी उपसली आणि भोकात खिळा घालून खोली मापली. भिंत ओळंब्यात आणायला कधीतरी गवंड्याने तिथे जाड थर दिला होता. अख्खी गिट्टी गिलाव्यातच बसली होती, विटेपर्यंत पोचलीच नव्हती. काकांनी खोल भोक पाडलं, लांब गिट्टी आणि लांब स्क्रू घातला, आणि पुन्हा रात्रभर कळशी. या खेपेला काही हललं नाही. मग रबराची पट्टी मध्ये घालून काच बसली. ताईने तिच्यावर पाहुण्यांसाठी जपलेले कप मांडले. चांगले कप रोजच्या चहाला काढावेत असं मी तिला कितीदा सांगते!

तर लक्षात ठेवा, गिट्टी गिलाव्यात नको, विटेत हवी. फळीच्या पुढच्या कडेवर वजन आलं की वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो, म्हणून जड वस्तू भिंतीलगत ठेवा. नव्या इमारतीत सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट-ठोकळ्यांच्या भिंती असतील तर साधी गिट्टी धरत नाही, हार्डवेअरच्या दुकानात त्या भिंतीसाठीची वेगळी गिट्टी मागा. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावू नका, वायरीचा पाईप बहुधा तिथूनच गेलेला असतो.

नमस्कार.