टोब्रुक: 241 दिवस आणि एक दिवस

लिबियाच्या भूमध्य समुद्रकिनाऱ्यावर, इजिप्तच्या सरहद्दीपासून फार दूर नसलेले टोब्रुक हे एक लहानसे बंदर आहे. दुसऱ्या महायुद्धात या बंदरासाठी अनेक देशांच्या सैन्यांनी आपली माणसे खर्ची घातली. एप्रिल 1941 पासून टोब्रुकने 241 दिवस वेढा सोसला आणि ते पडले नाही. जून 1942 मध्ये मात्र तेच टोब्रुक एका दिवसात कोसळले. त्या दिवशी शत्रूचा पहिला घाव ज्या पलटणीवर पडला, ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती.

या बंदराचे मोल कळण्यासाठी वाळवंटातील लढाईचा हिशेब आधी समजून घ्यावा लागतो. इतर मुलखात चाल करून जाणाऱ्या फौजेला वाटेत धान्य, चारा, विहिरी, निवारा असे काही ना काही मिळते. येथे काहीच मिळत नाही. प्रत्येक गोळी, पिठाचे प्रत्येक पोते आणि पाण्याचा प्रत्येक घोट मागून आणावा लागतो. शिपायाला पिणे, स्वयंपाक आणि धुणे यांसाठी मिळून दिवसाला जेमतेम साडेचार लिटर पाणी मिळे आणि पुष्कळदा मोटारीच्या रेडिएटरची तहानही त्यातूनच भागवावी लागे. पेट्रोल वाहून नेणारा ट्रक स्वतःही पेट्रोल पीत असतो, त्यामुळे आघाडी जितकी पुढे सरके तितके तिच्यापर्यंत पोहोचणारे इंधन कमी होत जाई. त्यात ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे वाटेत इतके गळत, की जर्मनांचे वीस लिटरचे भक्कम कॅन हाती लागले की ब्रिटिश शिपाई ते लुटीसारखे जपून ठेवत.

म्हणूनच या मोहिमेचा झोका सारखा इकडून तिकडे जात राहिला. डिसेंबर 1940 मध्ये ब्रिटिश जनरल ओकॉनर यांच्या फौजेने, ज्यात चौथी भारतीय डिव्हिजन होती, सिदी बर्रानीजवळ इटालियन तळ मोडले आणि फेब्रुवारीपर्यंत सुमारे 1,30,000 कैदी पकडले. परंतु लिबियात पश्चिमेला दूर असलेल्या एल अघेलापर्यंत पोहोचताना ती फौज दमली आणि तिच्यातील बरेच सैन्य ग्रीसकडे पाठवण्यात आले. त्याच फेब्रुवारीत जर्मन सेनापती रोमेल त्रिपोलीला उतरला आणि मार्चअखेर चाल करून निघाला. त्रिपोलीपासून बेनगाझी सुमारे हजार किलोमीटर, तेथून टोब्रुक आणखी साडेचारशे. एवढ्या लांबीच्या एका रस्त्यावर इजिप्त जिंकता येणार नाही, त्यासाठी वाटेतले बंदर हवे, हे त्यालाही ठाऊक होते.

बंदराभोवतीची तटबंदी मुळात इटालियनांनी बांधलेली होती. सुमारे पन्नास किलोमीटरच्या अर्धवर्तुळात काँक्रीटची ठाणी, काटेरी तार, सुरुंग आणि रणगाडे अडवणारा खंदक अशी तिची रचना होती. एप्रिल 1941 मध्ये मेजर जनरल मॉर्सहेड यांच्या नवव्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजनने ती धरून ठेवली आणि भारतीय लष्कराचा अठरावा घोडदळ रिसालाही त्यांच्या सोबतीला आत होता. मॉर्सहेड यांनी बचाव म्हणजे वाट पाहणे असे मानलेच नाही. त्यांचे शिपाई रोज रात्री तारेबाहेर जाऊन शत्रूच्या ठाण्यांवर छापे घालत. रसद अंधारात, युद्धनौकांतून येई. पुढे ब्रिटिश सत्तरावी डिव्हिजन आणि पोलिश ब्रिगेड यांनी ऑस्ट्रेलियनांची जागा घेतली. नोव्हेंबरमधील ब्रिटिशांच्या 'क्रुसेडर' मोहिमेनंतर वेढा उठला आणि रोमेल पुन्हा एल अघेलाला मागे गेला.

यानंतर टोब्रुकच्या बाबतीत जे घडले ते रणांगणावर नव्हे, कचेरीत घडले. फेब्रुवारी 1942 मध्ये कैरो येथील सेनापतींनी, दुसऱ्यांदा वेढा पडू द्यायचा नाही, वेळ आली तर बंदर सोडून द्यायचे, असे ठरवले. नौदलाला पहिल्या वेढ्यात गमावलेल्या जहाजांची आठवण ताजी होती, त्यामुळे निर्णय अवाजवी नव्हता. परंतु जे सोडायचेच आहे त्याची डागडुजी कोण करणार? रोमेलला अडवण्यासाठी पश्चिमेला गझाला येथे ब्रिटिशांची नवी फळी उभी राहत होती आणि तिच्यासाठी टोब्रुकभोवतीचे सुरुंग उपसून नेण्यात आले. खंदक वाळूने भरत गेला. तटबंदी नकाशावर मात्र पूर्वीसारखीच भक्कम दिसत होती.

26 मे 1942 रोजी रोमेलने गझालाच्या फळीला दक्षिणेकडून वळसा घातला. दुसऱ्याच दिवशी तिसरी भारतीय मोटर ब्रिगेड इटालियन रणगाड्यांखाली चिरडली गेली. जूनच्या मध्यापर्यंत ब्रिटिशांनी आपले बहुतेक रणगाडे गमावले होते आणि तेव्हा लंडनहून चर्चिल यांचा आग्रह सुरू झाला, की टोब्रुक सोडता कामा नये. चार महिन्यांपूर्वीचा निर्णय असा ऐन वेळी फिरवला गेला. पण उपसलेले सुरुंग परत पेरायला वेळ उरला नव्हता. किल्लेदारी मिळाली ती दक्षिण आफ्रिकेचे मेजर जनरल क्लॉपर यांना, ज्यांना डिव्हिजनचे नेतृत्व हाती येऊन जेमतेम महिना झाला होता.

रोमेलने आपली मुख्य फौज टोब्रुकला बगल देऊन पूर्वेकडे बार्डियाच्या दिशेने नेली. तो इजिप्तकडे निघाला असे वाटत असतानाच त्याने रातोरात तोंड फिरवले. आग्नेय कोपऱ्यातून घुसण्याची ही योजना त्याने नोव्हेंबर 1941 मध्येच आखली होती, फक्त क्रुसेडरने ती उधळली होती. आता त्या कोपऱ्यात अकरावी भारतीय ब्रिगेड होती: कॅमेरॉन हायलँडर्स, सातव्या गुरखा रायफल्सची दुसरी बटालियन आणि मराठा पलटण.

20 जूनच्या पहाटे साडेपाचच्या आसपास मराठ्यांच्या ठाण्यांवर बॉम्ब पडू लागले. गाम्बुटचे विमानतळ आधीच हातचे गेले होते, म्हणून ब्रिटिश लढाऊ विमाने वेळेवर पोहोचण्याच्या पल्ल्यातच नव्हती आणि जर्मन व इटालियन विमाने लाटांमागून लाटा आणत राहिली. त्यामागोमाग तोफांचा भडिमार, मग पायदळ, आणि खंदकावर पूल टाकणारे जर्मन सॅपर, म्हणजे लष्करी अभियंते. सकाळ संपण्याआधी जर्मनांच्या पंधराव्या आणि एकविसाव्या पँझर (चिलखती) डिव्हिजनचे रणगाडे आत आले होते. मराठ्यांची ठाणी एकेक करून घेरली गेली. त्यांच्या मदतीला जाणारा रणगाड्यांचा प्रतिहल्ला उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी झाला. संध्याकाळी जर्मन बंदरावर होते. 21 तारखेच्या सकाळी क्लॉपर यांनी शरणागती दिली आणि सुमारे 33,000 सैनिक कैदेत गेले. गुरखे आदेशानंतरही काही काळ लढले, कॅमेरॉन हायलँडर्सनी तर 22 तारखेपर्यंत शस्त्रे खाली ठेवली नाहीत.

मराठा पलटणीच्या वाट्याला आलेल्या या दिवसाची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. पराभव कोणाला सांगायला आवडतो? ही सध्याच्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, पहिल्या महायुद्धातील 105 वी मराठा. तिच्या समोरचा खंदक तिने बुजवला नव्हता आणि सुरुंगही तिने उपसले नव्हते.

बातमी पोहोचली तेव्हा चर्चिल वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्ट यांच्याजवळ बसले होते. रूझवेल्ट यांनी मदत विचारली आणि त्यातून 300 शर्मन रणगाडे इजिप्तकडे रवाना झाले. रोमेलला फील्ड मार्शलपद मिळाले, सुमारे 2,000 वाहने आणि 5,000 टन अन्नसाठा मिळाला. या लुटीनेच त्याला भुरळ घातली. माल्टा बेट जिंकून समुद्रमार्ग मोकळा करायचा बेत पुढे ढकलून तो इजिप्तमध्ये शिरला आणि त्याची रसद पुन्हा शेकडो किलोमीटर मागे राहिली. 1 जुलै रोजी देइर एल शेन येथे इराकहून घाईने आणलेल्या अठराव्या भारतीय ब्रिगेडने त्याला जवळजवळ दिवसभर अडवले. ब्रिगेड संपली, पण उरलेल्या 55 जर्मन रणगाड्यांपैकी 18 तेथेच गेले. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कत्ताराचा खोलगट प्रदेश असल्याने इजिप्तमधील एल अलामेनच्या ब्रिटिश फळीला वळसा घालायला जागाच नव्हती. ऑक्टोबरच्या अखेरीस ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांनी हल्ला केला तेव्हा रोमेलचे रणगाडे पेट्रोलअभावी हवे तेथे हलवणेही कठीण झाले होते.

13 नोव्हेंबर 1942 रोजी ब्रिटिशांच्या आठव्या सैन्याने टोब्रुक परत घेतले, मोठी लढाई न होता. क्लॉपर कैदेत असतानाच त्यांच्या गैरहजेरीत शरणागतीची चौकशी झाली आणि समितीने त्यांना बहुतांशी निर्दोष ठरवले. हा निष्कर्ष मात्र गुप्त ठेवण्यात आला, त्यामुळे टोब्रुकचा बट्टा सेनापती आणि त्याच्या हाताखालच्या पलटणी यांच्याच माथी राहिला.