राजधानी गेली, अजब बंगला राहिला

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये मंत्र्यांच्या गाड्यांची, पोलिसांची, मोर्च्यांची गर्दी होते. ते संपलं की रस्ते पुन्हा झाडांच्या सावलीत निवांत पडतात. याच भागात मध्यवर्ती संग्रहालय आहे. ते नाव पाटीवर. ऑटोवाल्याला ‘अजब बंगला’ म्हणायचं.

१८६३ साली हा अजब बंगला सुरू झाला. नागपूर तेव्हा उपराजधानी नव्हतं, मध्य प्रांताची राजधानी होतं. त्यामुळे नर्मदेपासून वर्धेपर्यंतच्या मुलखात जमिनीतून जे निघे, त्यातलं बरंच काही इथे येऊन पोचलं. पुढे १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, राजधानी भोपाळला गेली. वस्तू इथेच राहिल्या. म्हणून या दालनांमध्ये फिरताना आजचा नकाशा बाजूला ठेवावा लागतो.

हे तांबं बघा. बालाघाट जिल्ह्यातलं गुंगेरिया गाव. १८७० मध्ये तिथे गुरं चारणाऱ्या पोरांना जमिनीतून डोकावणारा तांब्याचा तुकडा दिसला. खणल्यावर ४२४ तांब्याची हत्यारं निघाली, आणि सोबत चांदीचे पातळ पत्रे, १०२. त्यातल्या काहींना बैलाच्या डोक्याचा आकार आहे. तांब्याचं वजन पावणेचारशे किलोच्या घरात. हा साठा पुढे वाटला गेला. काही भाग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, काही इथे. एका खड्ड्यातून निघालेल्या सगळ्या वस्तू बघायला आज सातासमुद्रापार जावं लागतं, याची रुखरुख वाटतेच.

आणि हा शिलालेख. माळव्याच्या परमार राजांची ही प्रशस्ती, म्हणजे स्तुतीचा लेख, राजा नरवर्मनच्या काळातली, विक्रम संवत ११६१ची. म्हणजे सुमारे नऊशे वीस वर्षांपूर्वीची. राजे धारचे, पण जगभरचे अभ्यासक या दगडाला ‘नागपूर प्रशस्ती’ म्हणून ओळखतात.

१८६३ हे साल आणखी एका माणसासाठी लक्षात ठेवायला हवं. स्टीफन हिस्लॉप. आज हिस्लॉप कॉलेजमुळे हे नाव प्रत्येक नागपूरकराच्या तोंडी असतं. धर्मप्रसारासाठी आलेला हा स्कॉटिश माणूस इथल्या दगडांच्या प्रेमात पडला. टाकळीच्या, मांगलीच्या खडकांतून त्याने जीवाश्म गोळा केले, गोंड लोकांच्या चालीरीती आणि भाषा टिपून ठेवल्या. सप्टेंबर महिना होता, पावसाचे दिवस. टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे गोलाकार मांडलेले प्राचीन दगड, पाहायला तो चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत गेला होता. परतताना तो मागे राहिला आणि बोरीच्या वाटेवर पूर आलेल्या नाल्यात बुडाला. त्याची अर्धवट टिपणं टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून घेतली. ज्या वर्षी संग्रहालय उभं राहिलं, त्याच वर्षी त्यासाठी सर्वांत योग्य असा माणूस गेला.

लहान मुलं सोबत असतील तर गांधीसागर तलावाजवळच्या रामन विज्ञान केंद्रात जा. सी. व्ही. रामन काही काळ हिशेब खात्याच्या नोकरीत नागपुरात होते, ही गोष्ट मुलांना तिथेच सांगा. मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालयही चुकवू नका. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी २०१५ पर्यंत छिंदवाड्याला जात होती. सौंसर, रामाकोना ही स्टेशनं ज्यांच्या आजोळच्या वाटेवर होती, ते तिथल्या इंजिनापाशी जास्त वेळ उभे राहतात.

शेवटी शहराबाहेर, चिचोलीच्या शांतिवनात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेव्हा हे शहर राजधानीच होतं. अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, तो मान गेला. आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दीक्षा सोहळ्यासाठी राबलेल्या वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जिवापाड जपल्या. त्या इथे आहेत.

हा त्यांचा टाइपरायटर. हा त्यांचा कोट. कापडाची वीण बघा, बाह्या बघा. आता थोडा वेळ निवेदन नको.