गोळा टाकला, गाडी काढली

नमस्कार मंडळी. दादर स्टेशनच्या बाहेर संध्याकाळी फळवाले बसतात बघा, कुणीतरी लांबून ओरडतं "गाडी आलीऽऽ", म्हणजे पालिकेची, माल उचलून नेणारी, आणि मग जी पळापळ होते! ज्याने माल फळीवर मांडलाय त्याची निम्मी संत्री रस्त्यावर, आणि ज्याचा माल टेम्पोत आहे तो नुसती चावी फिरवतो की गल्लीत गायब. आज बोलायचंय तोफांवर, म्हणजे स्वतःच्या इंजिनवर चालणाऱ्या तोफा, सेल्फ प्रोपेल्ड गन, पण विषय तोच, फळीवाला आणि टेम्पोवाला.

कसं आहे, तोफ म्हटली की आपण विचारतो गोळा किती लांब जातो. गोळा सुटल्यावर तोफेचं काय होतं हे कुणी विचारत नाही. आवाज होतो, धूर निघतो, आणि आता तर रडार गोळ्याचा हवेतला मार्ग बघून तो कुठून सुटला ते काढतं, की लगेच उलटा मारा तुमच्याच डोक्यावर. ओढायची तोफ असेल तर तिचे पाय मिटा, ट्रकला जोडा, उरलेले गोळे चढवा, तेवढ्यात खेळ खल्लास.

तशी कल्पना जुनी. पानिपतात १७६१ ला अब्दालीकडे उंटांवर जंबुरक नावाच्या छोट्या तोफा होत्या, उंट जाईल तिकडे तोफ, आणि आपल्या इब्राहिमखान गारद्याच्या तोफा जबरदस्त पण जड, हलवायच्या म्हणजे आधी बैल जोडा. पुढचं नाही सांगत, तुम्हाला माहितीये.

इंजिनवाल्या बघायच्या तर ब्रिटिशांनी १९१७ मध्ये गन कॅरिअर नावाची गाडी काढली पण ती बहुतेक दारूगोळा वाहण्यातच गेली. खरी गंमत दुसऱ्या महायुद्धात. आफ्रिकेच्या वाळवंटात रणगाडे सुसाट पळणार आणि तोफा मागे ट्रकला लटकत येणार, हे जमेना, म्हणून ब्रिटिशांनी घाईघाईत व्हॅलेंटाइन रणगाड्यावर एक लोखंडी पेटी ठोकली आणि तिच्यात त्यांची पंचवीस पाउंडर तोफ कोंबली, नाव ठेवलं बिशप. आता पेटी इतकी अडचणीची की नळी १५ अंशांच्या वर जाईचना! जमिनीवरून १२ किलोमीटर मारणारी तोफ गाडीवर चढली आणि जेमतेम ६ वर आली. मग पोरं काय करायची, मातीचा चढ रचायची आणि अख्खी गाडी त्यावर चढवून तिचं नाक वर करायची. पटकन निघता यावं म्हणून इंजिन दिलं, आणि गोळा टाकायच्या आधी फावडं घेऊन माती ओढत बसा. घाईत केलेल्या कामाचं असंच होतं, मला तर आमच्या बिल्डिंगची लिफ्ट आठवली, जाऊ दे.

१९४२ च्या शेवटी इजिप्तमधल्या एल अलामीनच्या लढाईत अमेरिकेची १०५ मिलिमीटर तोंडाच्या नळीची एम-७ आली, ती खरी कामाची. तिच्या मशीनगनभोवतीचा गोल कठडा चर्चमध्ये पाद्री ज्यात उभा राहून बोलतो तसा दिसायचा, म्हणून नाव प्रीस्ट. डोक्यावर छप्पर मात्र नाही, जर्मनांच्या व्हेस्पे आणि हुमेल या अशाच तोफांनाही नव्हतं, वरती हवेत गोळा फुटला की आतल्यांचं अवघड.

आपल्या लष्कराकडे सेक्स्टन होत्या, ॲबट होत्या, दोन्ही बाहेरून आणलेल्या इंजिनवाल्या तोफा, मग आपण विजयंता रणगाड्याची चेसिस लांब करून तिच्यावर रशियन १३० मिलिमीटरची तोफ बसवली, कॅटापुल्ट. वर एक पत्र्यासारखं छत आणि बाजू उघड्या. जुगाडच, पण वर्षानुवर्षं चालला. माझे मामा देवळाली कॅम्पला राहायचे, सुट्टीत गेलो की लांबून सरावाचा आवाज यायचा आणि मामीच्या मांडणीतली भांडी किणकिणायची, मामी तोंड वर न करता एका हाताने ताटं धरून ठेवायची आणि दुसऱ्या हाताने पोळी उलटायची.

त्याच देवळालीत २०१८ ला के-९ वज्र लष्करात दाखल झाली. डिझाइन कोरियाचं, बनवते आपली बॅलार्ड इस्टेटवाली एल अँड टी, गुजरातेत हजिराला. १५५ मिलिमीटर, वजन ५० टनांच्या आसपास, आत ५ जण, चारी बाजूंनी बंद, आणि १५ सेकंदांत ३ गोळे टाकून जागेवरून चालती होते. बिशपवाल्यांचा तेवढ्यात फावड्याचा दांडाही सापडला नसता. २०१७ ला १०० सांगितल्या होत्या वाळवंटासाठी, २०२१ मध्ये त्यातल्या काही थेट लडाखला चढवल्या, थंडीत तेल-बॅटरी नीट राहावी म्हणून वेगळी सोय करून, आणि २०२४ च्या डिसेंबरात अजून १०० ची ऑर्डर निघाली.

पण युक्रेनमध्ये बघा, तिथे वर ड्रोन घिरट्या घालतोय. गोळा टाकून तोफ पळते, ड्रोन तिच्या मागे मागे जातो, ती झाडाखाली लपेपर्यंत थांबतो आणि मग येऊन आदळतो. म्हणून लाखमोलाच्या तोफांवर लोक जाळ्या आणि पिंजरे ठोकतायत.

परवा दादरला टेम्पोवाल्याकडून केळी घेतली. टेम्पोचं तोंड रस्त्याकडे, नेहमीसारखं. म्हटलं तुम्हाला बरंय, चावी फिरवली की मोकळे. तो म्हणाला कसलं बरं साहेब, आता ते गाडी आणतच नाहीत, बाईकवरून मागे येतात.