मुंगीला कॉम्प्युटर दिला तर

नमस्कार मंडळी. बाहेर पाऊस धरून बसलाय, लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तर लाईट आहे तोवर एक गजाल सांगून घेतो. मी इथे देवगडात कॉम्प्युटर रिपेअरचं छोटं दुकान चालवतो. आषाढ लागला की माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच वस्तूंमध्ये कोणीतरी राहायला आलेलं असतं, कधी झुरळ, कधी पाल, पण सगळ्यात जास्त मुंग्या. गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीतल्या एक काकी आल्या, प्लास्टिकच्या पिशवीत वायफायचा राऊटर गुंडाळून, आणि म्हणाल्या, "रे बाबू, ह्यो डबो काय चालू होत नाय बघ."

स्क्रू काढले, झाकण उघडलं, आणि आत अख्खं गाव वसलेलं. बारीक तपकिरी मुंग्या, आणि मधे तांदळाच्या कणीएवढी पांढरी पांढरी पिल्लं, ज्यांना आपण सगळेच अंडी म्हणतो पण ते खरं तर अळ्या आणि कोष असतात. त्यांचं गणित सरळ होतं, बाहेर भिंतींना ओल सुटलेली आणि हा डबा दिवसरात्र चालू म्हणून आतून कोरडा आणि कोमट, पिल्लांसाठी याहून चांगली जागा त्या घरात नव्हती. काकींबरोबर त्यांचा नातू होता, चौथीतला, तो वाकून बघत होता आणि त्याने विचारलं, "काका, त्या आत बसून नेट वापरत असतील?"

काकी हसल्या. पण मला तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण मुंगीला खरंच कॉम्प्युटर द्यायचा ठरवला, तर तो कसा असेल? मी गेली कितीतरी वर्षं की-बोर्ड, स्क्रीन, माऊस यातच आहे आणि ही सगळी यंत्रं माणसाच्या दोन डोळ्यांच्या आणि दहा बोटांच्या मापाने बनवलीयत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

आधी स्क्रीन घेऊ. आपली स्क्रीन लाल, हिरवा, निळा या तीन रंगांच्या ठिपक्यांवर चालते. बहुतेक मुंग्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही, म्हणून तर मुंग्यांचा अभ्यास करणारे लोक लाल दिव्याखाली त्यांना बघत बसतात. उलट आपल्याला न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश त्यांना दिसतो, जॉन लबॉक नावाच्या इंग्रज माणसाने १८८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे दाखवून दिलं होतं, तो प्रकाश टाकला की मुंग्या पिल्लं उचलून लगेच दुसरीकडे न्यायच्या. आता आपल्या स्क्रीनमधून तो प्रकाश येतच नाही, म्हणजे मुंगीला दिसणारा तो रंग गायब आणि न दिसणारा लाल हजर. शिवाय काही जातींना डोळेच नसतात. टचस्क्रीनही बाद, कारण ती बोटाच्या स्पर्शाने बदलणाऱ्या विजेवर चालते आणि मुंगीचा पाय त्या काचेला जाणवण्याइतका मोठाच नाही.

तर मग तिचं खरं इंद्रिय कुठलं, तर वास. तिच्या डोक्यावरच्या त्या दोन मिशा, सतत हलणाऱ्या, टकटक करणाऱ्या, ते तिचं नाक आहे आणि बोटंही तीच. फळांवर घोंघावणारी ती बारीक माशी असते ना, तिच्याकडे वास ओळखणारे साधारण ६० प्रकारचे रिसेप्टर असतात, आणि काही मुंग्यांच्या जीन्समध्ये असे ४००च्या आसपास सापडलेत. माणसाकडेही साधारण तेवढेच आहेत! फक्त माणसाच्या मेंदूत ८६०० कोटी पेशी आणि मुंगीच्या मेंदूत अडीच लाखाच्या आसपास, म्हणजे एवढ्याशा डोक्यातला केवढा मोठा भाग तिने वासाच्या कामाला लावला असेल विचार करा. २०१७ साली शास्त्रज्ञांनी आपल्याच देशातल्या, दक्षिण भारतातल्या एका उड्या मारणाऱ्या मुंगीच्या जीनमध्ये बदल करून तिचे हे बहुतेक रिसेप्टर बंद पाडले. तर ती मुंगी चालायची, धडधाकट होती, पण वारूळ सोडून भलतीकडेच भटकायला लागली, बाकीच्यांशी तिचं काही जुळेना. राऊटरचा अँटेना काढून घेतल्यावर जे होतं तेच.

म्हणून मला वाटतं मुंगीच्या कॉम्प्युटरला स्क्रीन नसेल, जमीन असेल. आपला इंकजेट प्रिंटर आठवा, चार रंगांच्या चार टाक्या आणि बारीक छिद्रांतून कागदावर पडणारे थेंब. तसाच एक प्रिंटर, पण टाक्यांमध्ये रंगांऐवजी वास, आणि कागदाऐवजी जेवायला बसतो त्या पाटाएवढी एक फळी. मुंगी त्या फळीवर चालणार, मिशांनी वाचत वाचत, आणि लिहायचं असेल तेव्हा पोटाचं टोक जमिनीला टेकवत जाणार, कारण ती आजही तसंच लिहिते, वाटेवर वासाची रेघ ओढत. वाचण्यासाठी तिला चालावं लागेल, जागेवर बसून पान वाचणं हे तिच्याकडे नाहीच.

ही रेघ तुम्ही घरी बघू शकता. ओट्यावर मुंग्यांची रांग लागली की ओल्या फडक्याने मधला वीतभर भाग पुसून टाका आणि बघत राहा. दोन्हीकडच्या मुंग्या तिथे येऊन थबकतात, मिशा हलवतात, मागे वळतात, गर्दी होते, मग एखादी पलीकडे जाते आणि तुटलेली लाईन जोडली जाते. माझी आजी रांगेत हळदीची रेघ ओढायची आणि फडताळाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची, त्या काळातला फायरवॉलच तो.

आता वासाने साधी वाट दाखवता येईल, पण मोठा निरोप कसा देणार असं कोणी म्हणेल, तर त्यांनी आंब्याच्या बागेत जावं. झेला घेऊन कलमावर चढलेल्या प्रत्येकाला ओंबील माहीत आहे, त्या लालभडक मुंग्या, पानं शिवून घरटी करणाऱ्या, खाली गोव्याकडे त्यांनाच हुमले म्हणतात. पानं शिवायला त्या स्वतःच्या अळ्या तोंडात धरून त्यांच्या तोंडून निघणारा रेशमाचा धागा वापरतात, म्हणजे अळी हीच सुई आणि दोराही. या ओंबिलीची आफ्रिकेत एक बहीण आहे आणि तिच्यावर १९७०च्या दशकात झालेलं काम वाचून मी चकित झालो. तिला धोका दिसला की ती जबड्याजवळच्या ग्रंथीतून एकच फवारा सोडते, पण त्यात वेगवेगळे पदार्थ असतात, काही भरकन उडणारे, काही जड. सगळ्यात हलका, हेक्झानल नावाचा, कापलेल्या हिरव्या गवतासारखा वास असणारा, तो पटकन लांबवर पसरतो आणि लांबच्या मुंग्यांना सावध करतो. त्याच्या मागचा पदार्थ त्यांना जवळ ओढतो. आणि अगदी जवळ, जिथे फवारा पडला तिथेच रेंगाळणारे जड पदार्थ सांगतात, चाव! म्हणजे एकाच मेसेजमध्ये, तुम्ही किती लांब आहात त्यावरून वेगळा अर्थ. आपल्याकडे कोणी असा मेसेज लिहू शकतं का बघा, की तालुक्यातल्या माणसाला नुसतं "लक्ष ठेव" दिसेल, गावातल्याला "ये" आणि शेजाऱ्याला "काठी घेऊन ये." मला तरी हे जमवता येणार नाही. आणि हाच सायरन मशीनमध्ये घोटाळा करतो, अमेरिकेत टेक्सासमध्ये क्रेझी अँट नावाच्या मुंग्या इलेक्ट्रिकच्या बॉक्समध्ये शिरतात, एखादीला शॉक बसला की तिच्या अंगातून तो वास सुटतो, तो घेऊन दुसऱ्या धावत येतात, त्यांनाही शॉक, आणि शेवटी मेलेल्या मुंग्यांच्या थराने सर्किट बंद. काकींच्या डब्यातही अडॉप्टरच्या पिनपाशी तसाच छोटा ढीग होता.

पण मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की मुंगीचं लिखाण पुसलं जातं. फायर अँट नावाच्या मुंगीची एकटीने ओढलेली रेघ दोनेक मिनिटांत उडून जाते, मुंग्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन यांनी १९६२ मध्ये हे मोजलं होतं. खाणं असेल तर दुसरी मुंगी तीच वाट गिरवते, तिसरी गिरवते, म्हणून वाट टिकते, खाणं संपलं की गिरवणारं कोणी नाही आणि वाट आपोआप जाते. डिलीटचं बटण दाबायला कोणी लागतच नाही. माझ्या दुकानात रोज माणसं येतात, फोन भरला म्हणून, सहा वर्षांपूर्वीचे गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटो, कोणाच्या लग्नाचे तेच तेच व्हिडिओ, आणि त्यात कुठेतरी वडिलांचा शेवटचा फोटो असतो जो त्यांना हवा असतो आणि सापडत नाही. मी तासन्‌तास बसून ते काढून देतो. तेव्हा मनात येतं की जे कोणी परत उघडलंच नाही ते हळूहळू फिकट होत गेलं असतं आणि जे पुन्हा पुन्हा पाहिलं ते गडद झालं असतं, तर हा फोटो आपणहून वर आला असता.

आणि विसरणं म्हणजे नुसती जागा वाचवणं नाही. १९८९ साली ब्रसेल्समध्ये जाँ-लुई द्नबूर नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सोबत्यांनी अर्जेंटिनाच्या मुंग्यांपुढे वारूळ ते खाणं असे दोन पूल ठेवले, एक आखूड, एक लांब. आखूड पुलावरून मुंग्या लवकर परत यायच्या, तिथे रेघ लवकर गडद व्हायची, थोड्या वेळात जवळजवळ सगळ्या आखूड पुलावर. कोणीही मोजलं नाही, कोणी हुकूम दिला नाही. पण आधी फक्त लांब पूल दिला आणि आखूड पूल नंतर जोडला तेव्हा मात्र बहुतेक वेळा त्या लांबच्याच वाटेवर अडकून राहिल्या, कारण जुनी रेघ फार गडद झालेली. यावरूनच पुढे १९९२ मध्ये मिलानला मार्को डोरिगो यांनी आपल्या पीएचडीत कॉम्प्युटरसाठी पद्धत काढली, गाड्यांनी कुठल्या वाटेने माल पोचवायचा असली कोडी त्याने सोडवतात, आणि त्यात वास उडून जाणं मुद्दाम घातलेलं असतं, नाहीतर प्रोग्रामही पहिल्या सापडलेल्या वाटेला चिकटून बसतो.

पासवर्डचं सांगायचं राहिलं. मुंगीचा पासवर्ड तिच्या अंगावर असतो, कातडीवरच्या मेणचट थराचा वास, प्रत्येक वारुळाचा वेगळा, मिशी लावली की कळतं आपली की परकी. आणि हॅकर तिथेही आहेत! ऑस्ट्रेलियात एक कोळी आहे, तो ओंबिलीच्या अळ्या खातो आणि त्यातून त्या वारुळाचा वास त्याच्या अंगाला येतो, मग तो घरट्यात बिनधास्त फिरतो. दुसरा धोका विल्सन यांनीच १९५८ मध्ये दाखवला, मेलेल्या मुंगीच्या अंगात तयार होणारं ओलेइक ॲसिड त्यांनी जिवंत मुंगीला लावलं, तर बाकीच्यांनी तिला उचलून नेऊन कचऱ्यात टाकलं, ती पाय झाडत होती तरी, आणि अंग चाटून साफ होईपर्यंत तिला परत घेतलं नाही. म्हणजे मुंगीच्या कॉम्प्युटरची एक टाकी गळली तर केवढा अनर्थ होईल, हे बनवणाऱ्याने आधी बघायला हवं.

आता तो कॉम्प्युटर वापरणार कोण? आपण म्हणतो मुंगी, एक मुंगी. पण एकटीला तो देऊन उपयोग नाही असं मला ठामपणे वाटतं. अमेरिकेच्या वाळवंटात दाणे गोळा करणाऱ्या मुंग्या आहेत, डेबोरा गॉर्डन त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करतायत, तिथे दाणा घेऊन परत येणाऱ्या मुंग्या किती भराभर भेटतायत त्यावरून आतली मुंगी बाहेर पडायचं की थांबायचं ठरवते. २०१२ मध्ये त्यांनी आणि कॉम्प्युटरचे शास्त्रज्ञ बालाजी प्रभाकर यांनी दाखवलं की हा हिशेब इंटरनेटवर डेटा किती वेगाने पाठवायचा हे ठरवणाऱ्या टीसीपीच्या नियमासारखाच आहे, तिकडून पोचल्याची खबर आली की पुढचं पाठव, नाही आली तर दमाने घे. म्हणजे तो चौथीतला पोर विचारत होता की त्या नेट वापरतात का, त्याला मी आता सांगेन की बाळा, त्यांचं त्यांचं नेट आपल्या आधी कितीतरी काळ चालू आहे.

काकींचा डबा मी त्या रात्री धुतला नाही, पिल्लं होती ना. उघडा राऊटर ट्रेमध्ये ठेवला, आता तो थंड झालेला, आणि काउंटरच्या दुसऱ्या टोकाला जुन्या पिवळ्या बल्बखाली एक करवंटी पालथी घातली, तिला एका बाजूने खिळ्याएवढी फट ठेवून. सकाळी शटर उघडलं तेव्हा ट्रेपासून करवंटीपर्यंत रांग लागलेली होती, प्रत्येकीच्या तोंडात एकेक पांढरी कणी. मधे माझा की-बोर्ड पडलेला होता. रांग त्याच्यावरूनच गेली होती, स्पेसबार ओलांडून, मग बटणांच्या फटींतून वर, आणि पलीकडे कॉम्प्युटर चालूच होता, कोरं पान उघडं, कर्सर लुकलुकत. मी दुपारपर्यंत की-बोर्डला हात लावला नाही. गिऱ्हाईक आलं की त्याला स्टुलावर बसवायचो आणि बिलं हाताने लिहायचो.