हिरडीतलं रक्त आणि रक्तातली साखर

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात एक मावशी आल्या. वय साठीच्या आसपास. प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेली शुगरची फाईल आणि कमरेच्या चंचीत मिश्रीची डबी. दाढ हलतेय, तेवढी काढून द्या, इतकंच त्यांचं म्हणणं. तोंड उघडलं, तर खालच्या दातांच्या आतल्या बाजूनं काळपट किटण इतकं चढलेलं, की दातांमधल्या फटी बुजून गेलेल्या. हिरडी बोटानं जराशी दाबली आणि कडेनं पू आला.

"मावशी, रक्त येतं का?"

"येत होतं की. ब्रश लागला की यायचं. उष्णता असेल म्हणून ब्रशच सोडला. मिश्री लावते, तिनं बरं वाटतं."

मी फाईल चाळली. गोळ्या दोनदा वाढवलेल्या, पथ्य बऱ्यापैकी पाळलेलं, तरी तीन महिन्यांची शुगर खाली यायला तयार नाही. डोळ्यांची तपासणी झालेली, पायांची झालेली, किडनीची झालेली. तोंडाबद्दल मात्र एक ओळ नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि यात आम्ही दातांचे डॉक्टरही आलो. आम्ही शुगर विचारतो ती बहुतेक वेळा दात काढण्यापुरतीच.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी तोंडात ती एक ते तीन मिलिमीटर खोल असते. किटण साचत गेलं की ती पाच, सहा, सात मिलिमीटरपर्यंत जाते आणि आतलं नाजूक अस्तर सोलवटतं. सगळ्या दातांभोवतीची ही सोलवटलेली जागा एकत्र मांडली, तर कित्येक चौरस सेंटिमीटरची उघडी जखम होते. एवढी जखम पायाला असती, तर मधुमेही माणसाच्या घरात केवढी धावपळ उडाली असती! तोंडातली जखम ओठांआड असते, आणि फारशी दुखतही नाही.

त्या जखमेतून, घास चावतानासुद्धा, जंतू रक्तात उतरतात. शरीर त्यांच्याशी झुंजत राहतं. या झुंजीत तयार होणारे दाहक पदार्थ रक्तातून सगळीकडे फिरतात आणि इन्शुलिनचं काम अडवतात. साखर चढते. चढलेल्या साखरेनं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, पांढऱ्या पेशींचा जोर कमी पडतो, जखम भरत नाही. म्हणजे आजार दोन्हीकडून एकमेकांना खतपाणी घालतात. हिरड्यांच्या आतून नीट सफाई केली, तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे तीच तीन महिन्यांची शुगर, सरासरी ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरते, असं अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. गोळ्या बंद करण्याइतका हा फरक नाही, त्या चालूच ठेवायच्या. पण ज्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, तिथे एवढाही फरक सोडून देण्यासारखा नाही.

मिश्रीनं बरं का वाटतं, तेही सांगते. तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त येणं कमी होतं. मावशींना वाटलं आजार गेला. आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजतच होतं. दात साफ करून घेतले की हलायला लागतात, ही भीतीसुद्धा इथूनच येते. हाड आधीच गेलेलं असतं, दातांना एकमेकांशी सांधून ठेवलेलं असतं ते किटणानं. ते काढलं की खरी परिस्थिती उघड होते.

आणखी दोन गोष्टी. हृदयात कृत्रिम झडप बसवली असेल किंवा झडपेला पूर्वी कधी जंतुसंसर्ग झाला असेल, तर दात काढण्याआधी किंवा साफ करून घेण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा. तोंडातले जंतू रक्तातून त्या झडपेवर जाऊन बसू शकतात, म्हणून आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर रोज त्यांचं तोंड ओल्या स्वच्छ कापडानं पुसा, रात्री कवळी काढून ठेवा. झोपेत अस्वच्छ तोंडातली लाळ श्वासनळीत उतरली, तर न्यूमोनिया होऊ शकतो. आपण त्यांचं अंग पुसतो, चादर बदलतो, आणि नेमकं तोंड राहून जातं.

मावशींची ती दाढ काढावीच लागली. बाकीचं तोंड चार खेपांमध्ये साफ केलं, आणि त्यांच्या शुगरच्या डॉक्टरांसाठी फाईलमध्ये एक ओळ लिहिली: हिरड्यांचा आजार, उपचार चालू.

गेल्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. पू थांबलाय. शुगर थोडी उतरली आहे, हवी तेवढी अजून नाही. मिश्री दिवसातून चारदा होती ती एकदावर आली आहे, त्यावर आमची बोलणी चालू आहेत. या वेळी धाकट्या जावेला सोबत घेऊन आल्या होत्या. तिच्याही हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल होती.

नमस्कार.