पोच

(दृश्य : अंधार. गाडीच्या दिव्यांत रस्ता. मागच्या सीटवर, मांडीवर एक फाइल.)

पहाटेचे साडेचार. डिसेंबर. काच जरा खाली केली तरी हात गारठतो. यवतमाळ मागे पडलंय, नागपूर अजून लांब आहे. गाडीत पाच माणसं आणि एक फाइल. डिक्कीत जागा आहे, पण फाइल डिक्कीत ठेवायला कुणी तयार नाही.

पाचही जण कारखानदार आहेत. कारखानदार म्हटलं म्हणून लगेच धुराडं डोळ्यांसमोर आणू नका. एकाचं फॅब्रिकेशनचं शेड आहे, एकाची दाल मिल. एक जण सिमेंटचे पाइप करतो. फाइल ज्यांच्या मांडीवर आहे ते जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग बनवतात. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, आपणही भाऊच म्हणू. नाव लावू नका, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"उद्या पुन्हा त्याच टेबलासमोर उभं राहायचं आहे ना."

(दृश्य : दोन दिवस आधी. भाऊंचं शेड. लेथ.)

हा जिनिंगचा रोलर. शाफ्टवर चामड्याच्या गोल चकत्या ओवायच्या, एकीला एक घट्ट दाबायच्या. मग रोलर लेथवर चढवून सगळ्या एका मापात आणायच्या. त्यावर या तिरप्या खाचा पाडायच्या. कापसाचा तंतू या खाचांवर पकडला जातो, सरकी मागे राहते. चामडं झिजतं. झिजलं की रोलर पुन्हा भाऊंकडे.

हंगामात जिन रात्रंदिवस चालतात, म्हणजे भाऊंचा फोनही रात्रंदिवस. अशा दिवसांत अख्खा दिवस मोडून हा माणूस नागपूरला निघालाय. कशासाठी, ते फाइलीत आहे.

(दृश्य : फाइल उघडते. नाडी. कागदांवर कागद.)

सगळ्यात वर निवेदन, सरकारनं कबूल केलेल्या अनुदानाबद्दलचं. दोन पानी, टाइप केलेलं, खाली पाच शिक्के. त्याखाली जिल्हा उद्योग केंद्राचं पात्रता प्रमाणपत्र. मग वर्षावर्षाचे दावे, सीएचे दाखले, जीएसटीची विवरणपत्रं. आणि अगदी तळाशी, पिवळी पडलेली, कोपरे दुमडलेली एक झेरॉक्स. भाऊंच्या वडिलांनी जपून ठेवलेला जुना शासन निर्णय. तो या कामात लागत नाही. तरी दर वेळी सोबत असतो.

त्या झेरॉक्सची गोष्ट लांबून सुरू होते.

(दृश्य : ठाणे, वागळे इस्टेट. जुनी शेड, जुन्या पाट्या.)

1 ऑगस्ट 1962 रोजी एमआयडीसी स्थापन झाली. पहिली वसाहत ही, ठाण्याची वागळे इस्टेट. राज्य नवं होतं आणि कारखाने सगळे एका कोपऱ्यात होते : मुंबई, ठाणे, थोडं पुणं. बाकी महाराष्ट्रानं काय करायचं? 1964 साली सरकारनं त्यावर उत्तर काढलं, सामूहिक प्रोत्साहन योजना. मुंबई-पुण्याचा पट्टा सोडून आत मागास भागात या, आम्ही कर सोडू. दोन वर्षांनी, 1966 मध्ये सिकॉम ही उद्योगांना पैसा पुरवणारी सरकारी कंपनी आली आणि हा कारभार बराच काळ तिच्या हातून चालला.

कर सोडायचा म्हणजे नेमकं काय? विक्रीकराच्या काळात दोन वाटा होत्या. एक माफीची. दुसरी जास्त मजेशीर, कर लांबणीवर टाकायची. माल विकताना गिऱ्हाइकाकडून विक्रीकर घ्यायचा, पण सरकारला लगेच भरायचा नाही. तो कारखान्याच्या गल्ल्यात राहणार, काही वर्षांनी हप्त्यानं परत द्यायचा, बिनव्याजी. बँकेच्या दारात न जाता खेळतं भांडवल हातात. ज्या माणसानं हे शोधून काढलं त्याला धंदा कळत होता, एवढं नक्की.

योजना बदलत गेली. 1979, 1983, 1988, 1993. तालुक्यांना अक्षरं मिळाली : अ, ब, क, ड आणि ड+. शाळेच्या उलट. अक्षर जितकं मागचं तितकी सवलत जास्त. आपला तालुका ड मधून ड+ मध्ये जावा म्हणून आमदाराच्या मागे लागणारी गावं या राज्यात होती, अजूनही आहेत. मागास ठरल्याचा आनंद होणारी ही एकच यादी असावी.

हे फक्त महाराष्ट्रात चालत नव्हतं. शेजारच्या राज्यानं सात वर्षं दिली की आपण नऊ. त्यानं नऊ दिली की तिसरा अकरा. शेवटी 16 नोव्हेंबर 1999 रोजी दिल्लीत मुख्यमंत्र्यांची बैठक झाली, यशवंत सिन्हा अर्थमंत्री होते. 1 जानेवारी 2000 पासून विक्रीकराच्या सवलती नव्या कारखान्यांना द्यायच्या नाहीत असं ठरलं. ठरलं, आणि सवलतीनं दुसरे कपडे घातले. करमाफीऐवजी अनुदान आलं. कर पूर्ण भरा, मग त्यातला वाटा आम्ही परत देऊ. व्हॅट आला, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तरी मांडणी तीच आहे.

ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं. भाऊंच्या वडिलांना मात्र त्यातला फरक कळला असता. त्यांच्या वेळी पैसा आधी हातात होता आणि द्यायचा नंतर. आता पैसा आधी जातो, आणि मागायचा नंतर.

(दृश्य : बुटीबोरी. उजाडतंय. कंपन्यांच्या पाट्या, कंटेनरच्या रांगा.)

वर्ध्याकडून येणारा रस्ता बुटीबोरीला मिळतो. इथे चहा. समोर विदर्भातली सगळ्यात मोठी औद्योगिक वसाहत.

सवलतीच्या दोन वाटा इथून वेगळ्या होतात, मोठ्यांची आणि लहानांची. 2013 च्या योजनेत ड आणि ड+ भागात 250 कोटींची गुंतवणूक किंवा 500 रोजगार, एवढं असलं की प्रकल्प 'विशाल' ठरत होता. 1500 कोटी किंवा 3000 रोजगार असले की 'अतिविशाल'. अशा प्रकल्पाला छापील दर नाही. त्याचं पॅकेज मापानं शिवतात. आधी मुख्य सचिवांची उच्चाधिकार समिती, मग मंत्रिमंडळाची उपसमिती. कंपनीकडे सल्लागार असतात, तक्ते असतात, शेजारच्या राज्यानं देऊ केलेलं पत्रही असतं. ते पत्र टेबलावर ठेवलं की बोलणं लवकर पुढे सरकतं.

भाऊंकडे शेजारच्या राज्याचं पत्र नाही. ते कुठे जाणार? लेथ उचलून तेलंगणात?

(दृश्य : विजेचा मीटर. आकडा फिरतोय.)

2016 मध्ये विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि ड, ड+ भागातल्या उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली. पलीकडे छत्तीसगडात वीज स्वस्त, म्हणून इथल्या संघटनांनी किती वर्षं ओरड केली होती. मिळाली तेव्हा पेढे वाटले. पुढे हिशेब निघाला, तेव्हा मोजक्या पोलाद कारखान्यांनीच त्यातला मोठा वाटा उचलल्याची तक्रार झाली आणि योजना थांबवून तपासायची वेळ आली. भट्टीला वीज जास्त लागते, तर सवलतही तिलाच जास्त जाणार. यात चोरी कुणीच केली नाही. मापच तसं होतं.

(दृश्य : नागपूर. व्हरायटी चौक, पोलिसांचे बॅरिकेड. यशवंत स्टेडियमवर मोर्चे जमतायत.)

1953 च्या नागपूर करारात लिहिलंय म्हणून दर वर्षी मुंबईचं सरकार थोड्या दिवसांसाठी इथे येतं. हिवाळी अधिवेशन. ज्यांना मुंबई परवडत नाही त्यांच्यासाठी मागण्याचा हंगाम.

मागणारे दोन प्रकारचे. मोर्चेवाले यशवंत स्टेडियमवर जमतात आणि टेकडी रोडवर नाहीतर मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवले जातात. अंगणवाडी सेविका, कोतवाल, विनाअनुदानित शिक्षक. दुसरे शिष्टमंडळवाले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, खिशात पास. भाऊ दुसऱ्या रांगेत. मोर्चा बघून ते क्षणभर थांबले. हे दृश्य आम्ही ठेवलंय, पुरेसा वेळ ठेवलंय.

(दृश्य : तर्री पोहे. पाच प्लेटा. एकीकडे फाइल, तिच्यावर रुमाल.)

आता मागणी काय, ती ऐका. दाल मिलवाले तोंडात घास असतानाच सांगतात.

"नवीन काहीच मागून नाही राहिलो आम्ही. जे देतो म्हणाले, ते कायद्यात लिहा."

मुद्दा बारीक आहे, पण सगळं त्यावर उभं आहे. सामूहिक प्रोत्साहन योजना हा कायदा नाही. तो शासन निर्णय आहे, जीआर. पात्रता प्रमाणपत्र मिळालं, दावा मंजूर झाला, तरी पैसे येतात ते 'निधीच्या उपलब्धतेनुसार'. हे दोन शब्द प्रत्येक मंजुरीपत्रात कुठे ना कुठे भेटतात. निधी नसेल तर पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षीही नसेल तर त्याच्या पुढच्या. भाऊंचे तीन वर्षांचे दावे असे मंजूर होऊन पडलेत.

परवानग्यांचं मात्र तसं राहिलेलं नाही. तेलंगणानं 2014 साली परवानग्यांसाठी कायदाच केला. महाराष्ट्रानं 2023 मध्ये 'मैत्री'चा कायदा केला, एक खिडकी कायद्यात बसली. म्हणजे कारखाना सुरू करण्याच्या परवानगीला कायद्याचा आधार आहे. सुरू केल्यावर जे द्यायचं कबूल केलं, त्याला जीआरचा.

"आम्ही जीएसटी उशिरा भरला तर वर्षाला 18 टक्के व्याज," पाइपवाले म्हणतात. "यांनी उशिरा दिलं तर?"

कोर्टात जाता येतं की. गेलेत लोक. 1968 च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर प्रदेश सरकारनं नव्या कारखान्यांना तीन वर्षं विक्रीकर माफ म्हणून जाहीर केलं. मोतीलाल पदमपत शुगर मिल्सनं कानपूरला वनस्पती तुपाचा कारखाना घातला. मुख्य सचिवांचं पत्र हातात होतं. 1970 मध्ये उत्पादन सुरू झालं आणि सरकारनं शब्द फिरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर 1978 मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला की तुमच्या शब्दावर विसंबून समोरच्यानं पैसे घातलेत, आता तुम्हाला मागे फिरता येणार नाही. वकील अजूनही हा निकाल काढतात. पण कानपूरच्या कारखान्याला तिथवर पोचायला आठ वर्षं लागली, आणि तो साखर कारखानदारांचा होता.

(दृश्य : रविभवन. हिरवळ, गाड्या, वाट बघणारी माणसं.)

मंत्र्यांचे बंगले इथे. "साहेब सभागृहात आहेत." अकरा वाजता हेच, एक वाजता हेच. हिरवळीवर पाचही जण बसलेत. कुणीतरी पुरवणी मागण्यांचं पुस्तक आणलंय. अधिवेशनाच्या सुरुवातीला सरकार जादा खर्चाला मंजुरी मागतं, त्याचं हे पुस्तक. बाकी कुणी ते वाचत नसेल, हे लोक वाचतात. थेट उद्योग विभागाच्या पानावर जातात आणि प्रोत्साहनाच्या रकमेवर बोट ठेवतात. मग ती रक्कम राज्यभरच्या दाव्यांत वाटली तर आपल्या तालुक्याला किती, असा तोंडी हिशेब. मोठ्यांचं आधी जाईल, हे धरून.

चार वाजून दहा मिनिटांनी आत बोलावलं. कॅमेरा बाहेर.

बारा मिनिटांनी बाहेर आले.

(दृश्य : निवेदनाचं पहिलं पान, जवळून. कोपऱ्यात पेनानं ओळ.)

शेरा मिळाला. 'तपासून सादर करावे.' ज्यांना मंत्रालयाची भाषा येते त्यांना या तीन शब्दांत बरंच दिसतं. 'नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी' असा शेरा असता तर कागद तिथेच झोपला असता. 'सादर करावे' म्हणजे फिरून वर यायला हवा. यायला हवा, एवढंच. कायद्याचं विचारलं तेव्हा साहेब हसले आणि अर्थखात्याचं नाव घेतलं, असं भाऊ सांगतात. अर्थखात्याचीही बाजू आहे : अनुदानाचा हक्क कायद्यात घातला की तंगीच्या वर्षी दवाखान्याआधी कारखान्याला द्यावं लागेल. ते खोटं नाही. भाऊंकडे नऊ माणसं होती, आता चार आहेत, हेही खोटं नाही.

(दृश्य : खिडकी. शिक्का.)

शेवटचं काम. निवेदनाची दुसरी प्रत आवक शाखेच्या खिडकीत सरकवायची. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच.

"घेतली का भाऊ?"

"घेतली."

(दृश्य : रात्र. गाडी. मग सकाळ, शेड.)

घरी पोचायला साडेदहा झाले. सकाळी सात वाजता शेडचं शटर वर. लोखंडी कपाटात एक प्लास्टिकचं फोल्डर आहे, त्यात पाच पोच आहेत, पाच तारखांच्या, वेगवेगळ्या शिक्क्यांच्या. भाऊ सहावी सरकवतात. कपाट बंद.

लेथवर कालपासून एक रोलर चढलेला आहे. जिनवाल्याचा माणूस मोटारसायकलवर, दारात.

(दृश्य : लेथ सुरू. चामड्याचा बारीक भुगा उडतोय. आवाज तसाच राहू द्यावा.)