४० पौंड भरले, हातात आले १२: यूकेतल्या प्रीपेड मीटरमध्ये पैसे जातात कुठे?

[कॅमेऱ्यासमोर, हातात प्लास्टिकची छोटी चावी]

नमस्कार मंडळी. ही चावी बघा. ही दाराची नाही, आमच्या लेस्टरच्या पहिल्या भाड्याच्या घरातल्या विजेची आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात न्यायची, दुकानदार मशीनमध्ये घालून त्यावर पैसे भरतो, मग घरी येऊन मीटरच्या खाचेत सरकवायची. गॅससाठी चावीऐवजी कार्ड. आता स्मार्ट मीटर असेल तर हे सगळं ॲपवरून होतं, किंवा दुकानात २० आकडी कोड मिळतो तो मीटरवर टाकता येतो.

भारतातून शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या मुलामुलींना घरमालक पहिल्या दिवशी ही चावी देतो आणि निघून जातो. आपल्याला वाटतं, मोबाइलच्या रिचार्जसारखंच असणार. भरलं तेवढं वापरायचं, संपलं की परत भरायचं. तसं नसतं. तुम्ही एकही दिवा लावला नाहीत तरी या मीटरमधून पैसे कापले जातात. आजचा व्हिडिओ त्याच पैशांबद्दल आहे, कारण थंडीच्या पहिल्या आठवड्यात याच कारणाने कुडकुडत बसलेल्या मुलांचे फोन मला दरवर्षी येतात.

आमच्याकडे झालं ते आधी सांगते. त्या घरात शॉवर विजेचा, शेगडी विजेची. गॅस फक्त हीटिंगला. जूनच्या मध्यावर हीटिंग बंद केलं तेव्हा गॅस मीटरवर ४ पौंड शिल्लक होते. उन्हाळाभर आम्ही त्या मीटरकडे बघितलंसुद्धा नाही. सप्टेंबर संपताना थंडी पडली, मी कार्डावर २० पौंड भरून आले, कार्ड मीटरमध्ये घातलं. स्क्रीनवर क्षणभर काहीतरी हललं आणि शिल्लक शून्य. मला वाटलं कार्ड बिघडलं. परत दुकानात गेले. तिथले गुजराती काका गल्ल्यावरून न उठताच म्हणाले, "उन्हाळ्यात टॉपअप केलं नव्हतंस ना, बेटा?"

[स्क्रीनवर हिशेब]

हा बघा त्यांनी पावतीच्या मागे मांडून दिलेला हिशेब. १६ जून ते ३० सप्टेंबर, १०७ दिवस. गॅसचा रोजचा आकार साधारण ३० पेन्स. १०७ गुणिले ३० पेन्स म्हणजे ३२ पौंड १० पेन्स. त्यातून आधीचे ४ पौंड वजा. राहिले २८ पौंड १० पेन्स. आमचे पहिले २० त्यातच गेले. आणखी २० भरले तेव्हा ८ पौंड १० पेन्स कापून ११ पौंड ९० पेन्स उरले आणि बॉयलर सुरू झाला.

हा रोजचा आकार म्हणजे स्टँडिंग चार्ज. महावितरणच्या बिलावर 'स्थिर आकार' असतो ना, त्याचाच हा भाऊ. फरक इतकाच की तिथे तो महिन्याच्या बिलात एक ओळ म्हणून येतो, इथे तो दर दिवशी तुमच्या शिलकीतून निघतो. शिल्लक संपली तरी तो थांबत नाही, उधारी म्हणून साठत राहतो आणि पुढच्या टॉपअपवर वसूल होतो. काही मीटर ही उधारी एकदम घेतात, काही थोडी थोडी. आमचं एकदम घेणारं होतं.

विजेचा स्टँडिंग चार्ज गॅसपेक्षा जास्त असतो आणि तो भागानुसार बदलतो. लंडनमध्ये कमी, उत्तर वेल्स आणि लिव्हरपूलच्या बाजूला बराच जास्त. त्यामुळे लंडनमधल्या मित्राने सांगितलेला आकडा आपल्या घराला लावू नका. यात तारा, खांब, पाइपलाइन यांचा खर्च असतो. २०२१-२२ मध्ये गॅसचे भाव भडकले तेव्हा तीसच्या आसपास वीज-गॅस कंपन्या बुडाल्या. त्यांच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपन्यांकडे हलवण्याचा खर्चही या आकारात घातला गेला. मला हे अन्यायाचं वाटतं. एका खोलीत राहून रात्री एक दिवा जाळणारा विद्यार्थी आणि पाच खोल्यांचं घर तापवणारं कुटुंब, दोघांना तो रोज सारखाच लागतो.

आता दुसरी कपात, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. जुनं कर्ज. तुमचं नव्हे, आधीच्या भाडेकरूचं.

आधी राहणाऱ्याने कंपनीचे पैसे थकवले असतील तर वसुली मीटरमध्येच बसवलेली असते. समजा, आठवड्याला ५ पौंड. तो घर सोडून गेला, तुम्ही त्याच्याच चावीवर पैसे भरले, की त्याचे हप्ते तुमच्या खिशातून जायला लागतात. म्हणून घरात पाऊल टाकल्याच्या दिवशीच, सामान लावायच्या आधी, हे करा. मीटरवरच्या आकड्यांचा फोटो काढा. मीटरचं बटण दाबत गेलात की एकामागून एक पडदे येतात. त्यात कर्जाची रक्कम आणि आठवड्याची कपात दिसते, त्यांचेही फोटो काढा. मग वीज-गॅस कंपनीला फोन करून सांगा: मी अमुक तारखेपासून राहायला आलोय, आधीचं कर्ज माझं नाही, मीटरवरून ते काढा आणि मला नवी चावी, नवं कार्ड द्या. कंपनी कुठली हे माहीत नसेल तर घरमालकाला विचारा. तोवर जुन्या चावीवर पैसे भरू नका. अगदीच अंधारात बसायची वेळ आली तर भरा, पण पावती जपून ठेवा.

कर्ज तुमचं स्वतःचंच असेल तरी हप्ता किती हे ग्राहकाची ऐपत बघून ठरवायचं, असा ऑफजेमचा म्हणजे इथल्या नियामकाचा नियम आहे. आठवड्याला ५ जमत नसतील तर २ मागा. मागायला संकोच करू नका.

तिसरी गोष्ट, इमर्जन्सी क्रेडिट. शिल्लक संपत आली की मीटर साधारण ५ ते १० पौंड उसने देतं. पुढच्या टॉपअपवर ते आधी कापून घेतं. रात्री, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बहुतेक कंपन्या शिल्लक संपली तरी पुरवठा तोडत नाहीत, त्याला फ्रेंडली क्रेडिट म्हणतात. वेळा कंपनीप्रमाणे वेगळ्या. पण त्या रात्री वापरलेली वीज फुकट नसते, दुसऱ्या दिवशीच्या टॉपअपमधून जाते.

[स्क्रीनवर २० पौंडांची नोट]

आता हे सगळं एका २० पौंडांत बसवून बघू. आठवड्याचा हिशेब, सोयीसाठी गोल आकडे. इमर्जन्सीचे ५ घेतले होते, ते गेले. कर्जाचा हप्ता ५, गेला. स्टँडिंग चार्ज रोज ५५ पेन्स धरला तर ७ दिवसांचे ३ पौंड ८५ पेन्स. उरले ६ पौंड १५ पेन्स. युनिटचा दर २६ पेन्स धरा, साधारण २३ युनिट मिळाली. तुमच्या खोलीतला २ किलोवॅटचा हीटर तासाला २ युनिट खातो. म्हणजे आठवड्यात साडेअकरा तास, आणि तेही फ्रिज, शेगडी, दिवे काहीच लावले नाहीत तर.

गॅसबद्दल एवढंच लक्षात ठेवा की मीटर घनमीटर दाखवतं आणि पैसे किलोवॅट-तासाने लागतात. १ घनमीटर म्हणजे साधारण ११ युनिट. मीटरवरचा आकडा १ ने वाढला आणि पैसे मात्र बरेच गेले, तर घाबरू नका.

"प्रीपेड महाग पडतं, बदलून घे" हा सल्ला तुम्हाला प्रत्येक जुना माणूस देईल. तो पूर्वी खरा होता. जुलै २०२३ मध्ये प्रीपेडसाठी जास्त मोजावे लागणारे पैसे सरकारी मदतीने भरून निघाले, आणि एप्रिल २०२४ पासून ऑफजेमने स्टँडिंग चार्जमधला फरक कायमचा मिटवला. प्राइस कॅप म्हणजे ऑफजेमने घातलेली दराची कमाल मर्यादा. तिच्याखालचं प्रीपेडचं सरासरी बिल आता डायरेक्ट डेबिटपेक्षा, म्हणजे बँक खात्यातून आपोआप भरल्या जाणाऱ्या बिलापेक्षा, किंचित कमीच असतं. ही कॅप दर तीन महिन्यांनी बदलते, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरला. ती इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्सपुरती आहे. उत्तर आयर्लंडची व्यवस्था निराळी. पण लक्षात घ्या, कॅप युनिटच्या दरावर आणि स्टँडिंग चार्जवर असते, तुमच्या एकूण बिलावर नाही.

आणि व्हिसावरच्या मुलांनो, हे नीट ऐका. तुमच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी भत्ते घेता येणार नाहीत, असं लिहिलेलं असतं, म्हणून तुम्ही कंपनीकडे मदत मागायलाही घाबरता. इमर्जन्सी क्रेडिटही संपलं आणि पगार चार दिवसांवर असेल, तर कंपनीला फोन करून 'ॲडिशनल सपोर्ट क्रेडिट' मागा. तो सरकारी भत्ता नाही. कंपनीने तुम्हाला दिलेली उसनवारी आहे, तुम्ही ती हप्त्याने फेडता. मागच्या हिवाळ्यात एक मुलगी दोन रात्री कोट घालून झोपली, का, तर व्हिसाला धक्का लागेल. त्या दोन रात्रींची काही गरज नव्हती, म्हणून मी हे इतकं ठासून सांगतेय.

आता मे महिना आला की आम्ही काय करतो ते सांगते. हीटिंग बंद केलं तरी गॅसचं कार्ड किल्ल्यांच्याच जुडग्यात राहतं. दर रविवारी भाजी आणायला जातो तेव्हा मनात हिशेब ठरलेला असतो, ७ दिवसांचे २ पौंड १० पेन्स. महिना झाला की १० पौंड भरून टाकतो. पुण्याला जायचं असेल तर जाण्याआधी सहा आठवड्यांचे १३ पौंड. ऑक्टोबरमध्ये बटण दाबलं की बॉयलर चालू होतो.